‘आम्हाला विकायचंच नाही’, तरी आजची किंमत का काढायची? फेअर व्हॅल्यू मोजण्याच्या पायऱ्या, नव्याने शिकणाऱ्यांसाठी

मार्चअखेरच्या क्लोजिंगमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "अहो, हे आम्हाला विकायचंच नाही, मग आजच्या किमतीशी आमचा काय संबंध?" बोलणारा कधी प्रवर्तक असतो, कधी खुद्द फायनान्सचा प्रमुख. सीए होण्यासाठी आर्टिकलशिपला आलेल्या मुलामुलींना यावर काय बोलावं ते सुचत नाही, कारण वाक्य निम्मं बरोबर आहे. कंपनीचा हेतू विचारला जातो, पण फक्त वर्गीकरण करताना. त्या टप्प्यावर फेअर व्हॅल्यू, म्हणजे आजची बाजाराची किंमत, लावायची असं ठरलं, की पुढे मोजताना हेतूला कोणी विचारत नाही. हे दोन टप्पे डोक्यात वेगळे ठेवा, बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

नियमांची वाटणीही तशीच आहे. कशाला फेअर व्हॅल्यू लावायची ते इंड एएस १०९ सांगतं (इंड एएस म्हणजे कंपन्यांसाठीची भारतीय हिशेब मानकं). ती कशी काढायची आणि त्याबद्दल ताळेबंदाच्या टिपांमध्ये काय लिहायचं ते इंड एएस ११३ सांगतं. हे ११३ म्हणजे मे २०११ मध्ये आलेल्या आयएफआरएस १३ या आंतरराष्ट्रीय मानकाचं भारतीय रूप. ५०० कोटी किंवा त्याहून जास्त नेटवर्थ असलेल्या कंपन्यांना इंड एएस २०१६-१७ पासून लागू झालं. पुढच्या वर्षी बाकीच्या लिस्टेड कंपन्या आणि २५० कोटींच्या वरच्या अनलिस्टेड कंपन्या आल्या, आणि २०१८-१९ पासून टप्प्याटप्प्याने एनबीएफसी, म्हणजे बिगर-बँक वित्त कंपन्या. बँका अजून इंड एएसमध्ये नाहीत. मात्र रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार १ एप्रिल २०२४ पासून व्यापारी बँकांच्या गुंतवणुकीलाही फेअर व्हॅल्यू आणि तिच्या तीन लेव्हल (त्या पायरी ३ मध्ये येतात) लागू आहेत. त्यामुळे बँकेत असाल तरी पुढचं बरंचसं तुमच्या कामाचं आहे.

पायरी १: यादी करा, मग गट पाडा

ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी, समोर घ्या आणि करारातून पैसे येणं किंवा देणं निर्माण होतं अशी प्रत्येक ओळ उचला. एफडी, येणी, देणी, म्युच्युअल फंड, शेअर, बाँड, कर्मचाऱ्यांना दिलेली कर्जं, भाड्याच्या जागेचं डिपॉझिट, कंपनीने काढलेले एनसीडी (शेअरमध्ये न बदलणारे कर्जरोखे), डॉलरचे फॉरवर्ड (पुढच्या तारखेला आज ठरलेल्या दराने देवघेव करायचे करार). फॉरवर्ड बहुतेक वेळा ट्रायल बॅलन्समध्ये सापडतच नाहीत, कारण करार करताना पैसा हलत नाही. ती यादी ट्रेझरीकडून किंवा थेट बँकेकडून मागवा. उपकंपन्या, सहयोगी कंपन्या आणि जॉइंट व्हेंचर यांच्यातली गुंतवणूक स्वतंत्र ताळेबंदात मूळ खर्चाने दाखवायची मुभा आहे. कंपनीने तो पर्याय घेतला असेल तर त्या ओळी इथेच वगळा.

आता कर्जरूपी मालमत्तेला दोन प्रश्न विचारा. करारातून मिळणारा पैसा निव्वळ मुद्दल आणि त्यावरचं व्याज एवढाच आहे का? आणि कंपनी हे कशासाठी धरून बसली आहे: हप्ते गोळा करायला, विकायला, की दोन्हीला? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि हेतू फक्त वसुलीचा असेल तर अमॉर्टाइज्ड कॉस्ट, म्हणजे सुरुवातीची किंमत व्याजदराने पुढे नेत काढलेली, बाजारभाव न बघणारी पुस्तकी किंमत. वसुली आणि विक्री दोन्ही असेल तर फेअर व्हॅल्यू, पण बाजारभावातला चढउतार ओसीआयमध्ये, म्हणजे नफ्यातोट्याबाहेरच्या ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्ना’त. यातलं काहीच बसत नसेल तर फेअर व्हॅल्यू आणि फरक थेट नफ्यातोट्यात. म्युच्युअल फंडाची युनिट्स पहिल्याच प्रश्नात अडकतात, म्हणून ती नफ्यातोट्याकडे जातात. मग तो लिक्विड फंड असला तरी.

शेअरचं वेगळं आहे. तिथे मुद्दल-व्याज हा प्रकारच नाही, म्हणून मूळ नियम नफ्यातोट्याचा. ट्रेडिंगसाठी घेतलेला नसेल तर घेतानाच ओसीआयचा पर्याय निवडता येतो, पण तो नंतर बदलता येत नाही आणि पुढे शेअर विकला तरी झालेला फायदा नफ्यातोट्यात आणता येत नाही. ‘विकायचंच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी हा रस्ता केलेला आहे. चढउतार नफ्यात दिसत नाही, पण किंमत काढणं टळत नाही.

पायरी २: नेमका प्रश्न काय आहे ते समजून घ्या

व्याख्या सोप्या शब्दांत अशी: मोजमापाच्या दिवशी, बाजारातल्या जाणत्या आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांमध्ये, घाईगर्दी किंवा सक्ती नसलेल्या व्यवहारात ही मालमत्ता विकून जे मिळेल, किंवा हे देणं दुसऱ्याच्या गळ्यात घालायला जे मोजावं लागेल, ते. म्हणजे ही बाहेर पडण्याची किंमत आहे. हौसेने घडवलेला दागिना मोडीत द्यायला गेलात तर सराफ मजुरी धरत नाही. तुम्ही किती दिले होते हा त्याचा विषय नसतो.

यातून तीन गोष्टी निघतात आणि नवखे लोक तिन्ही ठिकाणी अडखळतात.

कोणता बाजार? जिथे त्या वस्तूची सर्वांत जास्त उलाढाल होते तो, अर्थात तुमच्या कंपनीला तिथे व्यवहार करता येत असेल तर. शेअर दोन्ही एक्स्चेंजवर असेल आणि उलाढाल एनएसईवर जास्त असेल, तर भाव एनएसईचा. यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरा, असं सोयीनुसार करता येत नाही.

दलाली आणि एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) यांचं काय? फेअर व्हॅल्यूमधून व्यवहाराचा खर्च वजा होत नाही. घेताना झालेला खर्च कुठे जातो हे मात्र गटावर ठरतं: नफ्यातोट्याच्या गटात तो लगेच खर्ची पडतो, बाकीच्या गटांत तो सुरुवातीच्या किमतीत मिळवतात.

आणि बाजार कोसळला असेल तर? जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३०० च्या वर होता, ३१ मार्च २०२० ला तो ८,६०० च्या आसपास बंद झाला. ‘हा भाव तात्पुरता आहे, खरा नाही’ असं त्या एप्रिलमध्ये अनेकांनी म्हटलं. वर्षभरात निफ्टी १४,७०० च्या जवळ गेला, म्हणजे त्यांचा अंदाज बरोबरच ठरला. तरीही ताळेबंदात ३१ मार्चचाच भाव लागायला हवा होता. सक्तीची विक्री वेगळी आणि पडलेला बाजार वेगळा. त्या दिवशी एक्स्चेंज चालू होतं, हजारो लोक स्वखुशीने घेत-विकत होते. पुढे काय होईल हा प्रश्न या मोजमापात नाही.

बाजारातल्या माणसाच्या नजरेने बघायचं म्हणजे काय, याचं आपल्याकडचं उत्तम उदाहरण बँका भांडवल उभारायला काढतात त्या एटी-१ बाँडचं. या बाँडना परतफेडीची तारीखच नसते, बँक ठराविक वर्षांनी ते परत घेऊ शकते एवढंच. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे सुमारे ८,४१५ कोटींचे असे बाँड शून्य झाले आणि जोखीम सगळ्यांना दिसली. मार्च २०२१ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांना सांगितलं की या बाँडची मुदत काढल्यापासून १०० वर्षं धरा. मुदत बदलली की त्याच बाँडची किंमत बदलते, त्यामुळे गोंधळ उडाला. अर्थ मंत्रालयानेही हरकत घेतली आणि काही दिवसांतच नियम टप्प्याटप्प्याने लावायचं ठरलं. पुढे एनएफआरएने, म्हणजे ऑडिट आणि हिशेब मानकांवर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने, इंड एएस ११३ च्या आधारे मत दिलं, त्याचा गाभा साधा होता: बाजारात हे बाँड घेणारे-विकणारे कोणती तारीख धरून भाव ठरवतात ते बघा. ते पुढच्या कॉलची, म्हणजे बँक बाँड परत घेऊ शकते ती, तारीख धरत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीनेही मूल्यांकनासाठी तोच आधार मान्य केला. करारात परतफेडीची तारीख नाही, नियामकाने १०० वर्षं म्हटलं होतं, तरी शेवटी बाजाराची रीत वरचढ ठरली.

पायरी ३: लेव्हल ठरवा

लेव्हल १ म्हणजे अगदी त्याच वस्तूचा, चालत्या बाजारातला, हात न लावलेला भाव. भाव गुणिले संख्या, विषय संपला. तुमच्याकडे इतके शेअर आहेत की एकदम विकले तर भाव पडेल, हे खरं असलं तरी त्यासाठी सूट घेता येत नाही. दिवस मात्र नीट बघा. ३१ मार्च २०२४ रविवार होता आणि शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून शेअरचा शेवटचा भाव २८ मार्चचा. पोर्टफोलिओच्या शीटमध्ये १ एप्रिलचा भाव ओढला गेला की ऑडिटमध्ये पहिला शेरा तोच येतो.

लेव्हल २ मध्ये त्याच वस्तूचा तयार भाव नसतो, पण तो काढायला लागणारे घटक बाजारात दिसतात: व्याजदर, यील्ड कर्व्ह (मुदतीनुसार बदलणारे परताव्याचे दर), डॉलरचा दर. लेव्हल ३ मध्ये निदान एक महत्त्वाचा घटक आपल्याला अंदाजाने धरावा लागतो. नियम असा की सगळ्यात खालच्या दर्जाचा महत्त्वाचा घटक ज्या लेव्हलचा, पूर्ण मोजमाप त्या लेव्हलचं. दहा आकडे बाजारातले मानक दर जाहीर करणाऱ्या एफबीआयएलच्या पानावरून घेतले आणि अकरावा, किंमत हलवणारा, मनाने धरला, तर ते लेव्हल ३ आहे. लेव्हल ३ म्हणजे हलक्या प्रतीचं काम असा समज आहे, त्यामुळे कंपन्या ते लेव्हल २ मध्ये ढकलायला बघतात. माझ्या मते हा हट्ट व्यर्थ आहे. लेव्हल ३ लिहून नीट खुलासा दिलेला ताळेबंद वाचणाऱ्याला जास्त उपयोगी पडतो.

म्युच्युअल फंडाची युनिट्स काही कंपन्या लेव्हल १ मध्ये दाखवतात, काही लेव्हल २ मध्ये. कारण देता येत असेल आणि दरवर्षी तेच धोरण असेल तर यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

पायरी ४: गणित करा

लेव्हल २ चं रोजचं उदाहरण एनसीडीचं. समजा, तुमच्याकडे १,००,००० रुपये दर्शनी किमतीचा, ८ टक्के वार्षिक व्याजाचा एनसीडी आहे, तीन वर्षं बाकी, रोज खरेदी-विक्री होत नाही. आधी तीन वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर बघा. सरकारी रोख्यांचे हे भाव आणि दर ३१ मार्च २०१८ पासून एफबीआयएल जाहीर करते. त्याआधी हे काम रोखे बाजारातल्या संस्थांच्या फिमडा या संघटनेकडे होतं. तो दर ७ टक्के आहे असं धरू. मग त्याच रेटिंगच्या, साधारण त्याच मुदतीच्या कंपन्यांना बाजार सरकारपेक्षा किती जास्त मागतो ते बघा. समजा, २ टक्के. म्हणजे सवलतीचा दर, ज्याने पुढे मिळणारा पैसा आजच्या किमतीवर आणतात तो, ९ टक्के.

पहिल्या वर्षाचे ८,००० आज ७,३३९ रुपयांचे, दुसऱ्या वर्षाचे ६,७३३ रुपयांचे, तिसऱ्या वर्षाचे व्याज आणि मुद्दल मिळून १,०८,००० आज ८३,३९६ रुपयांचे. पैशांसकट बेरीज केली की ९७,४६९ रुपये. तो जादा दर २ ऐवजी ३ टक्के धरला तर किंमत ९५,०२६ वर येते. एक टक्क्याने जवळपास अडीच हजारांचा फरक पडतो, म्हणून सगळा वाद त्या जादा दरावर होतो, सूत्रावर नाही. तो दर कुठून घेतला याची छापील प्रत त्याच दिवशी काढून ठेवा. जूनमध्ये ऑडिटर विचारेल तेव्हा तो आकडा स्क्रीनवर नसतो.

निर्यातदाराचा फॉरवर्ड याहून सोपा. एक लाख डॉलर ८६ रुपयांनी विकायचा करार आहे आणि ताळेबंदाच्या दिवशी, तीन महिन्यांनी संपणाऱ्या तशाच नव्या कराराचा दर ८७.२० आहे. डॉलरमागे १.२० रुपयाचा तोटा, म्हणजे १,२०,०००. तो तीन महिन्यांनी जाणार, म्हणून ६.५ टक्क्यांनी आजच्यावर आणा: १,१८,०८१ रुपयांचं देणं. इथे आजचा स्पॉट (तत्काळ व्यवहाराचा) दर घेणं ही नेहमीची चूक. बँक जे एमटीएम (आजच्या भावाने मोजलेल्या किमतीचं) पत्र पाठवते ते ताडून बघायला घ्या, पण निदान दोन करार स्वतः मोजा. ‘बँकेने दिलं’ हा पुरावा आहे, मोजमाप नाही.

मॉडेल निवडताना त्यात काय गृहीत आहे ते जाणून असावं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर गेला आणि मुंबईच्या एमसीएक्स या कमोडिटी एक्स्चेंजवरही सौदे उणे २,८८४ रुपयांनी मिटवले गेले. तेलाच्या ऑप्शनसाठी रूढ असलेलं सूत्र किंमत शून्याखाली जाणार नाही असं धरून चालतं. सीएमई या अमेरिकी एक्स्चेंजने दोन दिवसांत मॉडेल बदललं.

पायरी ५: जिथे भावच नाही

इथे वेळ घालवा, कारण खरा कस इथे लागतो.

सुरुवात डिपॉझिटपासून करा, ते प्रत्येक कंपनीत असतं. ऑफिसच्या जागेसाठी मालकाला दहा लाख बिनव्याजी दिले, पाच वर्षांनी परत मिळणार. दिले दहा लाख, पण पाच वर्षांनी मिळणाऱ्या दहा लाखांना आज कोण दहा लाख देईल? ९ टक्क्यांनी ते ६,४९,९३१ होतात. उरलेले ३,५०,०६९ हे खरं तर आगाऊ दिलेलं भाडं, ते राइट-ऑफ-यूज मालमत्तेत, म्हणजे भाड्याची जागा वापरण्याच्या हक्काच्या मालमत्तेत, जातं. पहिल्या वर्षी डिपॉझिटवर ५८,४९४ रुपये व्याज उत्पन्न दिसतं. इथे फेअर व्हॅल्यू फक्त पहिल्या दिवशी, पुढे अमॉर्टाइज्ड कॉस्ट. दर निवडताना मालक पाच वर्षांचं कर्ज किती टक्क्यांनी उचलू शकेल याचा विचार करा; तुमच्या एफडीचा दर इथे चालत नाही.

दुसरा नमुना आपल्याकडे हमखास सापडतो: नागरी सहकारी बँकेचे शेअर. कर्ज घेताना ते घ्यावे लागतात आणि वर्षानुवर्षं ताळेबंदात पडून राहतात. बँकेचा राखीव निधी बघून त्याची भलीमोठी किंमत काढायचा मोह होतो. पण सभासदत्व सोडताना सामान्यतः दर्शनी किंमतच परत मिळते, राखीव निधीत वाटा मिळत नाही. बाहेर पडताना हातात येणारं तेवढंच, म्हणून फेअर व्हॅल्यू दर्शनी किमतीच्या आसपास. रक्कम किरकोळ असली तरी फाइलमध्ये दोन ओळींचं कारण लिहा.

तिसरा, अनलिस्टेड कंपनीतला दहा टक्के हिस्सा. तिचा एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) २० कोटी, तशाच लिस्टेड कंपन्या एबिटडाच्या दहापट भावाने चालतात. दहापट म्हणजे २०० कोटी, त्यातून ४० कोटींचं निव्वळ कर्ज गेलं की १६० कोटी. शेअर सहज विकता येत नाही म्हणून २० टक्के सूट: १२८ कोटी. तुमचा हिस्सा १२.८ कोटी. पट दहाऐवजी अकरा धरली तर १४.४ कोटी, नऊ धरली तर ११.२ कोटी. पट दहा टक्क्यांनी हलली आणि किंमत साडेबारा टक्क्यांनी, कारण मधे कर्ज आहे. तुलनेच्या कंपन्या निवडतानाच लबाडी होते. यादीत कोणत्या आहेत यापेक्षा कोणत्या वगळल्या आणि का, हे विचारा.

स्टार्टअप असेल तर ‘शेवटच्या राउंडला एवढा भाव होता’ हे उत्तर अर्धवट आहे. नव्या गुंतवणूकदाराने घेतलेल्या सीसीपीएसला (पुढे सक्तीने इक्विटीत बदलणाऱ्या प्रेफरन्स शेअरला) आधी पैसे परत मिळण्याचा हक्क असतो, तुमच्या साध्या इक्विटीला नसतो. तो भाव तुमच्या शेअरला जसाच्या तसा लावता येत नाही. पण तुम्ही स्वतः त्याच राउंडमध्ये घेतले असतील, तर तुमचं मॉडेल खरेदीच्या दिवशी खरेदीचीच किंमत देतं का ते तपासा. देत नसेल तर ती किंमत येईपर्यंत घटक दुरुस्त करा आणि पुढच्या वर्षी तिथून सुरुवात करा.

मूल्यांककाचा अहवाल आणलात तरी तो कशासाठी काढला होता ते वाचा. आयकरासाठी काढलेली किंमत वेगळ्या नियमांची असते. ती इथे चिकटवली की सरळ परत येते.

पायरी ६: देणी

देणं मोजताना ते घेणाऱ्याच्या हातातली मालमत्ता म्हणून बघा; ज्याने तुमचे एनसीडी घेतले त्याला आज त्याचे किती मिळतील? यात तुमचं स्वतःचं रेटिंग आपोआप येतं. आणि मग विचित्र गोष्ट घडते: कंपनीची पत घसरली की तिच्या देण्याची किंमत कमी होते, म्हणजे हिशेबात फायदा. मॉर्गन स्टॅन्लीने २०११ च्या तिसऱ्या तिमाहीत असा सुमारे ३.४ अब्ज डॉलरचा फायदा दाखवला होता. इंड एएस १०९ मध्ये, स्वतःहून फेअर व्हॅल्यूला नेमलेल्या देण्यांवरचा हा स्वतःची पत बदलल्यामुळे येणारा भाग एरवी ओसीआयमध्ये जातो, नफ्यात नाही. मागताक्षणी द्यायच्या ठेवीची फेअर व्हॅल्यू, मागितल्यास द्यावी लागेल त्या रकमेपेक्षा कमी धरता येत नाही.

पायरी ७: टिपा आणि फाइल

अमॉर्टाइज्ड कॉस्टवर ठेवलेल्या कर्जांची आणि एनसीडीचीही फेअर व्हॅल्यू टिपेत द्यावी लागते, लेव्हलसकट. अल्प मुदतीची येणी-देणी पुस्तकी किमतीच्या जवळच असतात, त्यांना सूट आहे. लेव्हल ३ साठी वर्षारंभापासून वर्षअखेरपर्यंतचा ताळा, कोणते अंदाज धरले त्यांचे आकडे, आणि ते हलले तर किंमत किती हलते, हे सगळं लागतं. वरच्या १२.८, १४.४ आणि ११.२ कोटींचं कोष्टक म्हणजे तेच.

वेळापत्रक असं ठेवा. फेब्रुवारीत यादी आणि वर्गीकरण पक्कं करा, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मूल्यांकक नेमून त्याला मागच्या वर्षीची फाइल द्या. ३१ तारखेला, किंवा तेव्हा सुट्टी असेल तर आधीच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी, संध्याकाळी भाव, कर्व्ह आणि दर उतरवून घ्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षी लेव्हल ३ मध्ये धरलेले आणि मधल्या काळात विकले गेलेले शेअर शोधा, आणि विक्रीची किंमत तुमच्या तेव्हाच्या आकड्याशेजारी मांडा. ऑडिटर ती तुलना मागणारच आहे.